जुनी माउंटन बाइक : ब्रेक बदलू की आहेत तेच सुधारू?

निळीफ्रेम

मोठ्या भावाची माउंटन बाइक माझ्याकडे आली आहे. नव्वदच्या दशकातली, क्रोमोली स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे ३ आणि मागे ७ गिअर, पुढचा फोर्क साधा, सस्पेन्शन नाही. कित्येक वर्षं नुसती भिंतीला टेकून उभी होती. फ्रेमला कुठे गंज नाही, आणि मुख्य म्हणजे ती माझ्या मापाची आहे. आजवर एकाही सायकलवर मला इतकं मोकळं बसता आलेलं नाही, त्यामुळे नवीन घेण्याचा विचार नाही.

अडचण ब्रेकची आहे. मागच्या आठवड्यात पावसात कच्च्या उतारावर होतो. दोन्ही लिव्हर हँडलला टेकल्या तरी सायकल थांबेना. शेवटी कडेच्या उंच गवतात घातली. लागलं नाही, पण हात बराच वेळ थरथरत होते.

ब्रेक कँटिलिव्हर आहेत, म्हणजे रिमच्या दोन बाजूंना दोन दांड्या आणि वरून त्यांना जोडणारी आडवी केबल. ब्रेकची लिव्हर आणि गिअरचा खटका एकाच तुकड्यात आहेत. डिस्क ब्रेक (हबवरच्या चकतीला पकडणारे) बसवता येतील का? नाहीतर निदान व्ही-ब्रेक (लांब दांड्यांचे रिम ब्रेक)? आणि हात घातलाच आहे तर चेन, गिअर वगैरे बाकीचंही पाहून घ्यावं असं वाटतं. पेडल मारताना खालून 'कट् कट्' असा आवाज येतो. पाने बऱ्यापैकी आहेत, वेळ आहे, शिकायची तयारी आहे.

डोंगरउतार

सरळ डिस्क लावा. ओल्यात रिम ब्रेकवर भरवसा ठेवू नये, हे मी अनुभवावरून सांगतो. डिस्कची मागची पट्टी फ्रेमला नसेल तर अडॅप्टर मिळतात.

आरेवाला

डोंगरउतार, ओल्यातला तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण या सायकलला डिस्क लावू नये असं मी ठामपणे म्हणेन. कारण लिहितो, कारण हा सल्ला फार सहज दिला जातो.

रिम ब्रेक चाकाच्या कडेला पकडतो. २६ इंची चाकात ती पकड केंद्रापासून साधारण २८ सेंटिमीटरवर असते. १६० मिलिमीटरच्या डिस्कमध्ये तीच पकड ८ सेंटिमीटरच्या आत. चाक तितक्याच जोराने थांबवायचं तर डिस्कपाशी साडेतीन पट जोर लागतो, आणि तो सगळा फोर्कच्या एकाच, डाव्या पायाच्या खालच्या टोकावर येतो. कँटिलिव्हरसाठी केलेल्या फोर्कचे पाय खाली निमुळते होत जातात, कारण ब्रेकचा जोर वर, मुकुटाजवळ (दोन पाय जिथे जुळतात तिथे) येणार हे धरूनच ते घडवलेले असतात. शिवाय कॅलिपर (चकती दाबणारा भाग) पायाच्या मागे बसतो, त्यामुळे ब्रेक दाबला की एक्सलला फोर्कच्या खाचेतून खाली ढकलणारा जोर तयार होतो. डिस्कसाठी केलेल्या फोर्कमध्ये खाचेची दिशा आणि ओठ याचा विचार करून ठेवलेले असतात. जुन्या फोर्कमध्ये तसं काही नसतं. अडॅप्टर कॅलिपर धरून ठेवेल, पण फोर्कला बळ देणार नाही.

डिस्क हवीच असेल तर फोर्क आणि दोन्ही हब बदलावे लागतील. आणि नवा फोर्क लांब असला तर हँडलची बाजू वर उचलली जाते, सायकलचं वळणंच बदलतं. साधारण २० मिलिमीटर लांबी वाढली की हेड ट्यूबचा (हँडलखालच्या नळीचा) कोन एक अंशाने सैल होतो. ज्या बसण्यासाठी तुम्ही ही सायकल ठेवताय तेच हातचं जाईल.

आता निळीफ्रेम, तुम्हाला काही प्रश्न. काही विकत घेण्याआधी याची उत्तरं द्या.

रिम अॅल्युमिनियमचे की क्रोम चढवलेल्या लोखंडाचे? चुंबक लावून पाहा. लोखंडी असतील तर जगातला कुठलाही रिम ब्रेक लावा, पावसात सायकल थांबणार नाही. मग आधी चाकं.

दांड्या ज्या खुंट्यांवर फिरतात त्या रिमच्या खाली, म्हणजे हबच्या बाजूला आहेत की वर, टायरच्या बाजूला? १९८६ ते ८८ च्या आसपासच्या बऱ्याच सायकलींना मागे यू-ब्रेक असायचे, पुष्कळदा क्रँकच्या (पेडलच्या हाताच्या) मागे चेनस्टेखाली, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीखाली, लपलेले. त्यांच्या खुंट्या रिमच्या वर असतात आणि त्यांवर कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक बसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिव्हर दाबताना हाताला काय लागतं? मऊ लागून हँडलपर्यंत येते, की मध्येच कडक लागून अडते आणि तरी सायकल पळत राहते? हे दोन वेगवेगळे आजार आहेत.

निळीफ्रेम

चुंबक चिकटत नाही, म्हणजे अॅल्युमिनियम. खुंट्या पुढे-मागे दोन्हीकडे रिमच्या खाली. लिव्हर मऊ लागते, पिळल्यासारखी. सोडल्यावर पुढची दांडी सावकाश मागे जाते, मागची डावी तर जातच नाही, हाताने ओढावी लागते. रबरावर नख मारलं तर खूण उठत नाही, काचेसारखं चमकतं.

आरेवाला

मग तुमचा ब्रेक वाईट आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. तुम्ही त्या उतारावर वाळून दगड झालेलं रबर, अडकलेल्या दांड्या आणि बहुधा आतून गंजलेली केबल यांच्यावर विसंबून होतात.

आधी दांड्या काढा. बोल्ट एम-६ असतो, ५ मिमीची अॅलन की लागते. खुंटीवर वाळलेलं ग्रीस आणि गंजाचा थर दिसेल. बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा, मूळ धातू उगाच घासू नका, आणि ग्रीसचा पातळ हात द्या. दांडी नुसती खुंटीवर ठेवून बोटाने फिरवा, तिथे ती लोण्यासारखी फिरली पाहिजे. बोल्ट कसल्यावर अडकत असेल तर पूर्वी कुणीतरी तो जास्त कसून खुंटीचं तोंड फुगवलेलं असतं. तो फुगवटा कानशीने अगदी हलका उतरवायचा. कसायचं माप ५ ते ७ न्यूटन-मीटर, त्यापुढे जायचं नाही.

फ्रेमच्या खुंटीशेजारी स्प्रिंगच्या टोकासाठी बहुधा तीन भोकं असतात. दोन्हीकडे मधलं वापरा. दोन बाजूंना वेगळी भोकं वापरलेली दिसली तर समजायचं की कुणीतरी अडकलेली दांडी स्प्रिंगच्या जोरावर हलवू पाहत होता.

पानेपेटी

केबलबद्दल एक गोष्ट, जीवाशी गाठ आहे म्हणून वेगळी लिहितो. ब्रेकचा आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) ५ मिमीचा असतो आणि त्याच्या आत पोलादाची पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरचा आउटर ४ मिमीचा आणि आत सरळ, लांबीच्या दिशेने तारा. दिसायला दोन्ही सारखेच काळे. गिअरचा आउटर ब्रेकला लावला तर पहिले काही दिवस लिव्हर छान कडक लागते, आणि मग एखाद्या दिवशी जोरात दाबली की तारा प्लास्टिक फाडून बाहेर पडतात आणि ब्रेक पूर्ण जातो. इनरही (आतली तार) वेगळा, ब्रेकचा १.६ मिमी आणि गिअरचा १.२ किंवा १.१. कापताना आउटरचं तोंड चेपलं तर कानशीने सपाट करा आणि टोच्याने भोक मोकळं करा. लिव्हर पिळल्यासारखी लागते ती निम्म्या वेळा या चेपलेल्या तोंडांमुळेच.

ओलीमाती

मी नेमकं हेच सगळं केलं आहे, आणि एक मोठी चूकही केली आहे, ती सांगते.

माझीही सायकल कँटिलिव्हरची होती. मी व्ही-ब्रेकच्या दांड्या आणल्या, त्या जुन्याच खुंट्यांवर बरोबर बसल्या, जुन्याच लिव्हरला जोडल्या. स्टँडवर चाक फिरवून पाहिलं तर बोटाच्या टोकाने थांबत होतं. इतका जोर आधी कधी मिळाला नव्हता, मी खूश होते. दोन-तीन आठवड्यांनी चिखलात लांबची चक्कर झाली. चिखलात रबर वाळूच्या कागदावर घासल्यासारखं झिजतं. परतीच्या उतारावर पुढची लिव्हर हँडलला टेकली आणि ब्रेक फक्त अर्धवट लागला होता. मागचाही तसाच. मी पाय घासत थांबले.

कारण नंतर समजलं. व्ही-ब्रेकची दांडी लांब असते, तिला कँटिलिव्हरच्या जवळजवळ दुप्पट केबल ओढून लागते. जुनी लिव्हर तेवढी केबल ओढतच नाही. जोर भरपूर, पण प्रवास तोकडा. रबर रिमला अगदी खेटून असेल तोवर चालतं, अर्धा मिलिमीटर झिजलं की संपलं. उलट जोडी, म्हणजे व्ही-ब्रेकची लिव्हर आणि कँटिलिव्हर दांड्या, तर हाताला दगडासारखी लागते आणि सायकल पळत राहते.

म्हणून दांडी आणि लिव्हर ही जोडी समजा. एक बदललं तर दुसरं बदला.

निळीफ्रेम

ओलीमाती, हे वाचलं नसतं तर मी तंतोतंत हेच करणार होतो, दांड्यांची यादीही काढून झाली होती. पण माझी लिव्हर आणि गिअरचा खटका एकाच तुकड्यात आहेत. म्हणजे व्ही-ब्रेक लावले की गिअरचे खटकेही गेले?

ओलीमाती

हो, हीच त्यातली मेख आहे. मी शेवटी एकत्र जोडणी काढून टाकली, व्ही-ब्रेकच्या वेगळ्या लिव्हर लावल्या आणि ७ गिअरचे वेगळे खटके घेतले. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तोच ठेवला. दुसरा मार्ग म्हणजे जुनी लिव्हर ठेवून मध्ये दोन व्यासांची छोटी पुली बसवायची, ती केबलचा प्रवास दुप्पट करते. तेही करून पाहिलं. चालतं, पण पुलीच्या कडेवर इनरचे धागे तुटू लागतात, दर काही दिवसांनी निरखून पाहावं लागतं. मला ते मानवलं नाही.

पानेपेटी

डिरेलर तसाच चालतो याचं कारण असं की शिमानोच्या ६ पासून ९ गिअरपर्यंतच्या माउंटन डिरेलरांचं केबल ओढण्याचं गुणोत्तर एकच आहे, पायऱ्या खटक्यात असतात. खटका मात्र मागच्या दातेरी चकत्यांच्या संख्येचाच हवा.

सावलीचीवाट

तांत्रिक भर घालण्याइतकं मला येत नाही, पण या सायकलींचा आणि ब्रेकचा संबंध फार जुना आहे म्हणून लिहिते. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. त्या सायकलींना मागे कोस्टर ब्रेक, म्हणजे पेडल उलटं मारलं की हबच्या आत लागणारा ब्रेक. तो खडा उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि दर फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या उताराचं नाव त्यावरूनच रीपॅक पडलं. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी म्हणून वेगळी फ्रेम बनवली. माउंटन बाइक घडली ती चढण्याइतकीच थांबण्याच्या गरजेतून, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आरेवाला

छान आठवण. आणि त्याच रेषेत पुढचं, शिमानोने व्ही-ब्रेक आणला १९९६ मध्ये. म्हणजे त्याआधी जवळपास दोन दशकं लोक चिखलात, पावसात, शर्यतीत याच कँटिलिव्हरवर थांबत होते. हे सांगण्याचा हेतू एवढाच की कँटिलिव्हर ही मुळात कमजोर वस्तू नाही, ती जुळवायला अवघड वस्तू आहे. व्ही-ब्रेक कसाही जोडला तरी बरा लागतो. कँटिलिव्हर चुकीचा जोडला तर अजिबात लागत नाही.

जुळवणीची किल्ली त्या वरच्या आडव्या केबलमध्ये आहे. मधला तुकडा, ज्याला मुख्य केबल येऊन अडकते, तो जितका खाली टायरजवळ, तितका जोर जास्त आणि लिव्हरचा प्रवासही जास्त. तो जितका वर, तितकी लिव्हर कडक आणि जोर कमी. बहुतेक जण लिव्हर कडक लागली की ब्रेक उत्तम झाला असं मानतात आणि तुकडा वर नेऊन ठेवतात. प्रत्यक्षात लिव्हर थोडी मऊ, पण हँडलपासून बोटभर लांब थांबणारी, अशी हवी. रबर रिमला टेकलेलं असताना आडवी केबल आणि दांडी यांच्यात साधारण काटकोन होईल इथून सुरुवात करा, मग तुकडा हळूहळू खाली आणत जोर पाहा. टायर आणि केबल यांच्यात मात्र चिखल जाईल एवढी जागा ठेवा.

रबर नवीन घ्या, वाळलेलं घासून उपयोग नाही. होल्डरमध्ये सरकवून बसणारे सुटे रबर मिळतात, त्यात होल्डरचं उघडं तोंड मागच्या दिशेला राहिलं पाहिजे. उलटं बसलं तर ब्रेक दाबल्यावर फिरणारं रिम रबराला बाहेर ओढून नेईल. रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिमी आधी टेकू द्या, किंचाळणं थांबतं. मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी धरून बोल्ट कसला की हे आपोआप साधतं. आणि रबर रिमच्या पट्टीवर वरच्या अंगाला बसवा, टायरला न लागेल इतपत. कँटिलिव्हरचं रबर झिजत जातं तसं खाली उतरतं, आणि दुर्लक्ष झालं तर एक दिवस रिमखाली घुसून आऱ्यांत अडकतं.

ओल्यासाठी कूल-स्टॉपचं विटकरी रंगाचं रबर मी अनेक वर्षं वापरतो. काळ्यापेक्षा पावसात ते स्पष्टपणे जास्त पकडतं.

पानेपेटी

+१, आणि पुढच्या टायरवर मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर ती काढू नका. मुख्य केबल तुटली तर आडवी केबल थेट टायरच्या खाचांवर पडते, ती गुंतली की पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ती पट्टी केबलला अडवून धरते. नसेल तर लावा.

निळीफ्रेम

दोन संध्याकाळी लागल्या. जे सापडलं ते लिहितो.

मागच्या डाव्या खुंटीवर गंजाची अख्खी कडी होती, दांडी पिळून काढावी लागली. साफ केल्यावर बोटाने फिरते. मागचा आउटर वाकवला तर आतून लाल भुगा पडला. इनर पाच-सहा धाग्यांवर तग धरून होता. हा भाग मी पाहिला तेव्हा त्या गवताचे मनापासून आभार मानले. रबर काढून टाकलं, एकात अॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले होते.

आता प्रश्न. मागच्या रिमच्या बाजूवर पट्टी उभी धरली तर मधोमध फट दिसते, रिम आत खोलगट झालं आहे. पुढच्या रिमला तसं नाही. हे कितपत गंभीर?

आरेवाला

गंभीर आहे. ते रिम वापरू नका. ब्रेक प्रत्येक वेळी रिमचा थोडा धातू खातो, आणि आत टायरची हवा भिंत बाहेर ढकलत असते. भिंत पातळ झाली की ती हवेच्या दाबानेच फाटते, आणि तेही ब्रेक दाबल्यावर, म्हणजे नेमक्या वाईट क्षणी. काही नव्या रिमवर झिजेची खूण म्हणून बारीक खाच किंवा ठिपका असतो, तो दिसेनासा झाला की रिम संपलं. जुन्या रिमवर ती सोय नाही, खोलगटपणाच पाहायचा.

रबरात रुतलेले ते कण हेच त्याचं कारण. रबर महिन्यातून एकदा काढून टोच्याने कण उपसले असते तर ते रिम अजून टिकलं असतं. पुढच्या रिमसाठी ही सवय आत्ताच लावून घ्या.

चाक घ्यायला जाण्याआधी दोन गोष्टी मोजा. मागच्या खाचांमधलं अंतर १३० आहे की १३५ मिमी? आणि मागे फ्रीव्हील (हबवर आट्यांनी कसलेला दात्यांचा संच) आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला संच)? चाक काढून दाते उलटे फिरवा आणि मधल्या खाचांच्या कड्याकडे, जिथे काढायचं हत्यार बसतं तिथे, पाहा. ते कडं दात्यांबरोबर फिरलं तर कॅसेट, जागीच राहिलं तर फ्रीव्हील.

निळीफ्रेम

१३५. आणि कडं जागीच राहतं, म्हणजे फ्रीव्हील.

आरेवाला

मग संधी आहे, कॅसेट हबचं चाक घ्या. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग दात्यांच्या आत खूप खोल असतं, एक्सलचा उरलेला भाग आधाराविना लोंबतो, आणि ७ गिअरच्या हबमध्ये खडबडीत वाटेवर तो वाकतो. कॅसेट हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं. नवा हब ८ ते १० गिअरचा असला तरी ७ ची कॅसेट ४.५ मिमीचा स्पेसर घालून बसते, म्हणजे तुमचे खटके तसेच चालतील. १३५ चं माप जुळतंच आहे, फ्रेम ताणायचा प्रश्न नाही.

पानेपेटी

चेन मोजली का? स्टीलची पट्टी लावा, एका पिनच्या मध्यापासून १२ पूर्ण कड्या. नवी चेन ३०४.८ मिमी भरते. ७ गिअरच्या चेनला ३०७ पर्यंत गेली की बदला. त्याहून पुढे गेलेली चेन दातेही सोबत झिजवते, मग नवी चेन जुन्या दात्यांवर उडते. कॅसेट नवी घेताय तर चेन बरोबरच नवी घाला. ६, ७ आणि ८ गिअरला एकाच रुंदीची चेन चालते.

आणि ती 'कट् कट्'. क्रँक हातात धरून सायकलच्या आत-बाहेर हलवून पाहा. हलत असेल तर बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा एक्सल आणि त्याची बेअरिंगं).

निळीफ्रेम

चेन ३०८ च्या पुढे. क्रँक दोन्ही बाजूंनी सारखा हलतो.

पानेपेटी

दोन्ही सारखे हलतात म्हणजे आतलं बेअरिंग. एकच हलला असता तर क्रँकचा बोल्ट सैल. चौकोनी एक्सलचा बंद कार्ट्रिज घाला, पाणी आत जात नाही. फ्रेमच्या नळीची रुंदी ६८ की ७३ मिमी ते मोजा, आणि जुन्या एक्सलची लांबी त्यावरच कोरलेली असते, तेवढीच घ्या. लांबी चुकली तर पुढची चेन मागच्या दात्यांच्या रेषेत राहत नाही.

दोन गोष्टींवर नवशिक्यांचे हात अडतात. क्रँक ओढून काढायचं हत्यार लावण्याआधी बोल्टबरोबर त्याखालचा वॉशरही काढा, तो राहिला तर हत्यार क्रँकचे आटे उपटून बाहेर येतं. आणि नेहमीच्या इंग्लिश आट्याच्या फ्रेममध्ये उजव्या, चेनकडच्या कपाचे आटे उलटे असतात, तो सैल करायला पाना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा. डावीकडचं पेडलही उलट्या आट्याचं.

सावलीचीवाट

वाचतेय. माझ्याही सायकलचं रिम आज पट्टी लावून पाहिलं, ठीक आहे.

निळीफ्रेम

तीन आठवड्यांनी लिहितोय. मागचं चाक, ७ ची कॅसेट, चेन, बॉटम ब्रॅकेट, दोन्ही ब्रेकच्या केबल आणि विटकरी रबर, एवढं नवीन. दांड्या आणि लिव्हर जुन्याच. मधला तुकडा सुरुवातीच्या जागेपासून दोन बोटं खाली आणला तेव्हा जोर आला, आणि तो फरक स्वतःच्या हाताला जाणवला तेव्हा आरेवालांचं म्हणणं खरं समजलं.

काल पाऊस पडून गेल्यावर त्याच उतारावर गेलो. ओल्या रिमवर पहिलं अर्धं-एक फेऱ्याचं अंतर काही होत नाही, मग पाणी पुसलं जातं आणि ब्रेक पकडतो. आता ते ठाऊक असल्याने लिव्हर आधीच हलकी टेकवून ठेवतो. गवताच्या जागेच्या बऱ्याच वर सायकल उभी राहिली. तिथे थोडा वेळ थांबलो.

एक नवा प्रकार सुरू झाला आहे. पुढचा ब्रेक जोरात दाबला की अख्खा फोर्क पुढे-मागे थरथरतो, हँडलपर्यंत जाणवतो. रबराचं पुढचं टोक आधीच टेकेल असं बसवलं आहे.

आरेवाला

हेडसेट (फोर्क ज्यावर वळतो ती बेअरिंगं) आधी पाहा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे ढकला आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या खालच्या वाटीवर ठेवा. तिथे ठकठक लागली तर तो कसा.

ती नसेल तर हा कँटिलिव्हरचा जुना दोष आहे, आणि आता ब्रेकमध्ये जोर आल्यामुळे तो दिसू लागला. पुढच्या केबलचा आउटर वर हेडसेटपाशी संपतो आणि तिथून उघडी इनर खाली येते. ब्रेक लागला की फोर्क मागे वाकतो, हेडसेट आणि ब्रेकमधलं अंतर वाढतं, केबल आपोआप ताणली जाते, रबर आणखी घट्ट पकडतं, फोर्क आणखी वाकतो, मग सुटतो. हे सेकंदाला अनेकदा.

उपाय म्हणजे आउटर थांबवायची जागा खाली फोर्कच्या मुकुटावर आणायची. मुकुटाला समोरून भोक असेल तर त्यात बसणारी छोटी पट्टी मिळते. मग वाकणाऱ्या फोर्कची लांबी केबलच्या हिशेबातून जवळजवळ निघूनच जाते.

ओलीमाती

व्ही-ब्रेकमध्ये हा त्रास नाही, कारण आउटर दांडीवरच संपतो. मी बदलले त्याचं हे एक कारण होतं, आणि माझं मत अजून तेच आहे. पण निळीफ्रेमचा ब्रेक ओल्यात थांबतोय म्हटल्यावर लिव्हर-खटके उपटण्यापेक्षा आधी ती पट्टी करून पाहावी.

निळीफ्रेम

हेडसेटमध्ये किंचित ठकठक होती, कसला. थरथर निम्मी झाली, पण आहे. मुकुटाला भोक आहे, पण त्याच भोकात रिफ्लेक्टरची पट्टी बसवलेली आहे, जी पानेपेटी काढू नका म्हणाले होते.

पानेपेटी

दोन्ही एकाच बोल्टवर बसतात, आहे त्यापेक्षा १० मिमी जास्त लांब बोल्ट घ्या. केबलची पट्टी मुकुटाला लागून, रिफ्लेक्टरची तिच्या पुढे, शेवटी नायलॉनचा नट, म्हणजे हादऱ्याने सैल होणार नाही. लिव्हर पूर्ण दाबून पाहा, मधला तुकडा वरच्या पट्टीला धडकता कामा नये, निदान बोटभर जागा हवी. नसेल तर आडवी केबल थोडी आखूड करून तुकडा आणखी खाली घ्या.

निळीफ्रेम

बसवलं. बोटाहून थोडी जास्तच जागा राहते. थरथर गेली.